दोन दारांची डेल रिओ

न्यूझीलंडच्या पामर्स्टन नॉर्थमध्ये आम्ही मराठी घरं मोजकीच. दोघं भेटले की आधी हवामान होतं, मग पुण्याहून कोण येतंय ते होतं, आणि मग कोणीतरी विचारतंच, "सबनीसांच्या गाडीचं नवीन काय?" आणि नवीन काहीतरी असतंच! मी काही मुद्दाम किस्से जमवणाऱ्यांतली नाही. हॉस्पिटलच्या फार्मसीत दिवसभर उभं राहून घरी आलं की मला गप्पांपेक्षा खुर्ची जास्त प्रिय. पण ह्या गाडीने गेल्या काही वर्षांत इतकं करून ठेवलंय की, एकाला सांगायला जावं तर तो म्हणतो, "हे काहीच नाही, नीलिमा. माझ्यासमोर काय झालं ते ऐक!" की राहिलाच स्वयंपाक.

म्हणून मी जे स्वतः पाहिलं, किंवा वसुधाने मला स्वतः सांगितलं, तेवढंच सांगते. जयंतच्या तोंडून ऐकलेलं सोडून देते. त्याच्या किश्शांत गाडीची कधीच चूक नसते.

*

जयंत सबनीस म्हणजे गवताचा शास्त्रज्ञ. गाईंनी कुठलं गवत खावं ह्यावर तो इथल्या एका संशोधन संस्थेत काम करतो, आणि चुकून विचारलंत तर ताटातलं गार होईपर्यंत सांगतो. वसुधा त्याची बायको आणि माझी मैत्रीण. पुण्यात आयसीयूमध्ये सिस्टर होती. इथे आल्यावर परीक्षा दिल्या, रजिस्ट्रेशन मिळवलं, आणि घरापासून चालत जाता येईल अशा एका वृद्धाश्रमात लागली. पण तिच्या मनात होतं डिस्ट्रिक्ट नर्स व्हायचं. म्हणजे फार्मवर, छोट्या गावांत, घरोघर जाऊन पेशंट बघायचे. कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इन्शुलिन. "मला माणसं त्यांच्या स्वतःच्या घरात बघायचीयत गं," म्हणायची. आणि त्यासाठी जे लागतं तेच तिच्याकडे नव्हतं. ड्रायव्हिंग लायसन्स! पुण्यात बाईने मोपेडखेरीज काही चालवलेलं नव्हतं.

"मला शिकायला एक छोटीशी गाडी आणा," असं तिने सांगितलं, आणि जयंत एका शनिवारी सकाळी छोटी गाडी आणायला गेला.

नवीन गाडी येणार म्हणून मी शिरा करून घेऊन गेले होते. दुपारी त्यांच्या ड्राइव्हवेत जे येऊन उभं राहिलं त्याचं तोंड गॅरेजच्या दाराला टेकलं होतं आणि शेपूट फूटपाथवर होतं. पिस्ता आणि क्रीम रंग, मागे माशासारखे पर, आणि क्रोम इतकं की डोळे बारीक करावे लागत होते.

"डेल रिओ!" जयंत म्हणाला. "सत्तावन्नची! फीलडिंगजवळ एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये पडली होती. आत कोंबड्या राहत होत्या. व्ही-एट इंजिन, ऑटोमॅटिक, आणि चक्क चालू!"

वसुधाने गाडीभोवती एक फेरी मारली. त्याला जरा वेळ लागला.

"स्टीअरिंग डावीकडे आहे."

"अमेरिकेतून आणलेली आहे ना!"

"आणि एवढ्या लांबलचक गाडीला दोनच दारं? मागच्यांनी उतरायचं कुठून?"

"अगं, तेच तर! दोन दारांची एवढी मोठी स्टेशन वॅगन कोणी करतच नाही. ही फक्त दोन वर्षं निघाली. मग बंदच केली त्यांनी."

"म्हणजे त्यांच्या दोन वर्षांत लक्षात आलं," वसुधा म्हणाली. "तुमच्या कधी येणार?"

शिरा आम्ही गाडीशेजारी उभ्यानेच खाल्ला. छोटी गाडी काही आली नाही. जयंतला ऑफिसची गाडी होती, घरी ही होती, आणि एका घराला तिसरी कशाला, असं त्याचं म्हणणं. बरं, ही तरी शिकवायची! पण हिच्या स्टीअरिंगला तो कोणाला हात लावू देईना. "आधी छोट्या गाडीवर हात बसू दे तुझा," म्हणायचा. ती छोटी गाडी आणायची कोणी, हे मात्र कोणी काढत नव्हतं.

*

गाडीची पूजा झाली तेव्हा जयंतची आई इथेच होती, व्हिजिटवर. आम्ही सगळे त्यांना माई म्हणतो. माईंनी हळदकुंकू वाहिलं, बागेतल्या कमेलियाचा हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. आता नारळ फोडायचा. पण कशावर? पामर्स्टनच्या ड्राइव्हवेत दगड असतोय कुठे! माईंची नजर सगळीकडे फिरली आणि गाडीच्या त्या भल्यामोठ्या क्रोमच्या बंपरवर येऊन थांबली.

शेजारचा ब्रूस कुंपणापलीकडून बघत होता. हा रिटायर्ड मेकॅनिक. गाडी आल्यापासून रोज सकाळी तिला गुड मॉर्निंग घालायचा. माईंनी नारळ डोक्याच्या वर उचललेला पाहिला आणि हा सत्तरीचा माणूस जँडल्स, म्हणजे रबरी चपला, घालून कुंपणावरून उडी मारून आला!

"नो, नो, नो, नो!"

त्याने माईंच्या हातातून नारळ अलगद काढून घेतला, जयंतकडे 'घरात काही भांडण आहे का' अशा नजरेने बघितलं, आणि आम्हाला नारळ फोडायचाच आहे एवढं कळल्यावर तो घेऊन आपल्या गॅरेजमध्ये गेला. थोड्या वेळाने करवतीचा आवाज आला. मग ब्रूस ट्रे घेऊन बाहेर आला. ट्रेमध्ये नारळाच्या दोन अगदी सारख्या वाट्या, आणि शेजारी पेल्यात पाणी.

"देअर यू गो, लव्ह. स्वीट ॲज!" म्हणजे काम फत्ते.

माई बघतच राहिल्या. "कापलेला देवाला चालतो की नाही, मला ठाऊक नाही बाई," त्या म्हणाल्या. "पण पाण्याचा एक थेंब सांडला नाही हो मेल्याने!"

तेव्हापासून आमच्या सगळ्यांच्या वास्तुशांतीचे नारळ ब्रूसकडे जातात.

*

त्या वर्षी आम्ही गणपतीला वेलिंग्टनला निघालो. पुढे जयंत आणि वसुधा, मागे माई, मी आणि माझी मुलगी. मागे बसायचं म्हणजे पुढच्या सीटची पाठ दुमडायची आणि त्या फटीतून आत शिरायचं. सगळ्यांनी रीतीप्रमाणे म्हटलं, "माई, तुम्ही आधी." माई आधी शिरल्या आणि सरकत सरकत पार पलीकडच्या कोपऱ्यात गेल्या. त्यांच्यामागून मी, माझ्यामागून मुलगी.

लेव्हिनच्या आधी माईंना बाथरूमला जायचं झालं. आता माई उतरायच्या तर आधी वसुधा उतरणार, सीट दुमडणार, मग मुलगी, मग मी, मग माझी साडी कुठेतरी अडकणार, आणि मग माई. परत आल्यावर आम्ही सगळे दारापाशी उभे, आणि पुन्हा, "माई, तुम्ही आधी!" पुढच्या गावात तेच. त्याच्या पुढच्या गावात माई दाराला हात लावून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आता मान पुरे झाला. मला दार द्या!"

माझी मुलगी इथे जन्मलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्लिशमध्ये. तिने विचारलं, "सो नाऊ आय गो फर्स्ट? यू ऑलवेज से मोठे आधी!" मी म्हटलं, ह्या गाडीत नियम उलटा आहे. गप चढ.

*

माईंना दार हवं, म्हणून मग त्यांची जागा पुढे ठरली. पुढची उजवी सीट. इथल्या बाकी सगळ्या गाड्यांत त्या जागेवर ड्रायव्हर असतो, हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नाही. आपल्या माहितीच्या गोष्टीचं काय लक्षात राहतं!

बुल्स गावाच्या बाहेर हायवेवर आमच्यामागे पोलिसांचे दिवे लागले. जयंतने गाडी कडेला घेतली. एक तरुण पोलीस ऑफिसर झपाझप चालत उजव्या खिडकीशी आला आणि काचेवर टकटक केलं. माईंनी डोळे उघडले, हातातली जपमाळ मांडीवर ठेवली, काच खाली केली आणि नमस्कार केला.

"किया ओरा, मॅडम," तो माओरीत नमस्कार करत म्हणाला आणि त्याने आत बघितलं. स्टीअरिंग नाही. त्याने खाली वाकून पुन्हा बघितलं.

"ओव्हर हिअर, ऑफिसर," डावीकडून जयंत म्हणाला.

ऑफिसर गाडीला वळसा घालून आला. तोवर त्याचा चेहरा जरा सैल झाला होता. म्हणाला, फोन आले होते. एक म्हातारी बाई हायवेवर फुल स्पीडने जातेय, डोळे मिटलेले, हात मांडीवर, आणि स्वतःशी पुटपुटतेय!

"काय म्हणतो रे तो?" माईंनी विचारलं. जयंतने सगळं मराठीत सांगितलं.

"त्याला म्हणावं," माई म्हणाल्या, "माझा मुलगा एवढ्या जोरात चालवत असताना मी डोळे उघडे ठेवून काय करू?"

जयंतने हे इंग्लिशमध्ये सांगायला नकार दिला. मग वसुधाने मागून सांगितलं. ऑफिसर जाताना माईंना सलाम करून गेला.

*

माई पुण्याला परतल्या की ती उजवी सीट वसुधाची. आणि ती नुसती बसायची सीट नव्हे! स्टीअरिंग डावीकडे असलं की पुढे ट्रक असताना ड्रायव्हरला समोरचं काही दिसत नाही. ओव्हरटेक करायचं तर उजवीकडच्या माणसाने मान बाहेर काढून सांगायचं, जा म्हणून. ते काम वसुधाचं.

माझ्या भाचीचं लग्न ऑकलंडला बॉटनी डाउन्समध्ये होतं. आम्ही सगळे डेल रिओने निघालो. टाउपोच्या पुढे आमच्यासमोर मेंढ्यांचा दुमजली ट्रक आला.

"बघ गं," जयंत म्हणाला.

"येतंय समोरून."

"आता?"

"आता वळण आहे."

"आता?"

"आता मोकळं आहे. पण तुम्ही निघेपर्यंत येईल."

असं मैलोन्‌मैल. आमच्या लग्नाच्या साड्या बॅगेत होत्या, तरी त्यांना मेंढ्यांचा वास लागला. शेवटी आम्ही पेट्रोलला थांबलो, तर तो ट्रकही थांबलेला. त्याचा ड्रायव्हर उतरून आमच्याकडे आला. एवढा वेळ मागे आहात, काही मदत हवीय का, म्हणाला.

"नाही, हे माझ्या 'जा' म्हणण्याची वाट बघतायत," वसुधाने त्याला इंग्लिशमध्ये सांगितलं.

"आणि?"

"माझं अजून ठरत नाहीये."

ट्रकवाला पोट धरून हसला. जयंत नाही हसला. पण खरं सांगू का, मी मागे बसून बघत होते. वसुधा प्रत्येक वेळी बरोबर होती. ती म्हणायची येतंय, की आलंच. रस्ता तिला जयंतपेक्षा जास्त कळत होता, आणि चालवत होता तो. मला त्याचा राग यायचा, आणि मी तो दोघांनाही बोलून दाखवायचे. उपयोग शून्य.

*

त्याच लग्नात जयंतने हौसेने डेल रिओ नवरा-नवरीला दिली. म्हणजे चालवणार तोच! सकाळी पापाटोएटोच्या भारतीय दुकानांतून झेंडूच्या माळा आणल्या, गाडी सजवली. नवरी नऊवारीत, नवरा फेट्यात, पुढे जयंतशेजारी वसुधा, मागे दोघं बसले. म्हणजे आधी आत घातले. ऑकलंडचा तो दमट उन्हाळा! नवरी घामाघूम. मेकअप जायला लागला.

"थांबा, पंखा लावतो," जयंत म्हणाला. गाडी घेतल्यापासून त्याने तो पंखा कधी लावलेला नव्हता. पामर्स्टनला पंखा लागतो कोणाला!

बटण फिरवलं, आत काहीतरी घरघरलं, आणि जाळीतून पिसं यायला लागली. कोंबड्यांची. पांढरी, तांबडी, नुसता पाऊस! नवरी ओरडतेय, नवरा फेटा सांभाळतोय, जयंत एका हाताने बटण दाबतोय आणि दुसऱ्या हाताने गाडी चालवतोय.

हॉलच्या दारात गुरुजी उभे होते. आमचे गुरुजी सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात. दोघं आतून बाहेर निघाले, नखशिखांत पिसं. गुरुजींनी चष्मा वर करून बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "अक्षता झाल्या म्हणायच्या. चला, पुढचं घेऊ."

*

मग एक दिवस हॉस्पिटलात डिस्ट्रिक्ट नर्सची जागा निघाली. वसुधाचा इंटरव्ह्यू झाला. तिथल्या चार्ज नर्सने तिला सांगितलं, जागा तुझीच, फक्त महिनाअखेरपर्यंत लायसन्स दाखव. नाहीतर मला दुसऱ्या कोणाला तरी घ्यावं लागेल.

मी म्हटलं, बास झालं आता. माझ्या छोट्या गाडीवर मीच शिकवते. पामर्स्टनसारखं शिकायला सोपं गाव नाही. इथे पाच गाड्या एका रांगेत दिसल्या तर लोक विचारतात, काय झालं? वसुधाला नियम पाठ, नजर पक्की, स्पीड बरोबर. आणि पहिल्या टेस्टला नापास!

दुसऱ्या टेस्टला ग्रॅहम नावाचा टेस्टिंग ऑफिसर होता. उंच, गंभीर माणूस. ती गिव्ह वेच्या पाटीशी थांबली. उजवीकडे बघितलं, डावीकडे बघितलं, पुन्हा उजवीकडे बघितलं. रस्ता साफ मोकळा. मग तिने मान वळवून डावीकडे बसलेल्या ग्रॅहमला सांगितलं, "हं, गो नाऊ!" आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.

ग्रॅहमही बसला. मागच्याने हॉर्न दिला. ग्रॅहम म्हणाला, "आय थिंक दॅट्स यू, वसुधा."

नापास.

परत येताना गाडी मी चालवत होते. वसुधा ढसाढसा रडली. "अगं, उजवीकडे बसलं की माझे हात आपोआप मांडीवर येतात. इतकी वर्षं मी फक्त बघितलं आणि चालवलं त्याने. आता दोन्ही मी करायचं तर मला जमतच नाही गं!" मला इतकं वाईट वाटलं की मी चुकीच्या रस्त्याला वळले. आयसीयूत एकटीने रात्रपाळ्या काढलेली बाई, आणि कशापायी अडली होती, तर उजव्या सीटपायी!

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडेच जेवले. माई तोवर कायमच्या इथे आल्या होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "मग हिला डावीकडे बसवा. उजवीकडे हिला खोड लागलीय. डावीकडे हिला कसलीच सवय नाही."

डावीकडे स्टीअरिंग असलेली गाडी गावात एकच.

"माझ्या गाडीवर?" जयंत म्हणाला.

"तुझ्या गाडीनेच लावलीय ती खोड," माई म्हणाल्या. "वाढ गं भात."

*

जयंतने किल्ली दिली. म्हणजे द्यावीच लागली. रेसकोर्सच्या रिकाम्या पार्किंगमध्ये तो तिला रोज संध्याकाळी घेऊन जायला लागला. स्वतः उजवीकडे बसायचा, पाय जमिनीला रोवून नसलेला ब्रेक दाबत. एकदा मला म्हणाला, "नीलिमा, उजवीकडून किती भीती वाटते गं!" मी म्हटलं, तिला सांग. सांगितलं की नाही, माहीत नाही.

महिन्याचा शेवटचा दिवस. तिसरी टेस्ट. मी सकाळची रजा टाकली होती. टेस्टिंग स्टेशनच्या बाहेर बाकावर आम्ही तिघं, मी, माई आणि जयंत. ऑफिसर पुन्हा ग्रॅहमच! त्याने गाडीभोवती चक्कर मारली, लाइट तपासले, वॉरंटचा, म्हणजे गाडीच्या फिटनेसचा, स्टिकर बघितला, बेल्ट ओढून बघितला. बेल्ट जयंतने बसवून घेतले होते, ते एक बरं. मग ग्रॅहम उजवीकडून आत बसला, आणि त्याचे दोन्ही हात आपोआप वर आले. स्टीअरिंग धरायला. तिथे काही नव्हतं. त्याने ते हळूच खाली घेतले. वसुधाने आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही. गाडी गेली.

पुढचं वसुधाने नंतर सांगितलेलं. सगळं छान चाललं होतं. मग एका अरुंद रस्त्यावर पुढे कचऱ्याचा ट्रक आला. प्रत्येक घरासमोर थांबायचा, माणसं उतरायची, पिशव्या टाकायची, पुन्हा पुढचं घर. वसुधाला डावीकडून ट्रकखेरीज काही दिसेना. तिने विचारलं, समोरून काही येतंय का? ग्रॅहम म्हणाला, सॉरी, मला मदत करता येत नाही.

"मग मी थांबते," वसुधा म्हणाली. आणि थांबली. एक घर, दुसरं घर, कोपऱ्यावरचं दुकान, पुन्हा घर. ना हॉर्न, ना घाई. ग्रॅहम खिडकीतून मान काढून बघायला लागला. मग आणखी जरा काढली. त्याचा पाय हलायला लागला. ट्रक आणखी दोन घरं गेला, आणि ग्रॅहमच्या तोंडून एकदम निघून गेलं, "इट्स क्लिअर! गो, गो!"

मग वसुधाने इंडिकेटर दिला, स्वतः डोकं वाकवून पुन्हा एकदा पाहिलं आणि ट्रकला वळसा घालून गाडी पुढे घेतली. ग्रॅहमने खाकरून घसा साफ केला आणि म्हणाला, पुढच्या चौकात डावीकडे.

आम्हाला बाकावर ह्यातलं काही माहीत नव्हतं. माई डोळे मिटून बसल्या होत्या आणि जयंत उभाच होता. शेवटी डेल रिओ कोपऱ्यावरून वळली आणि आमच्यासमोर अगदी कडेला लागून थांबली. ग्रॅहम उतरला, जड दार लावलं आणि आमच्याकडे आला.

"शीज पास्ड," तो म्हणाला. "हीप्स ऑफ पेशन्स, युअर वाइफ."

मी टाळ्या वाजवल्या. माईंनी हात जोडले. जयंतने ग्रॅहमचा हात धरून इतका हलवला की त्या बिचाऱ्याचा पेन खाली पडला. आणि ग्रॅहमच्या पाठीमागे डेल रिओचा इंडिकेटर लागला. वसुधाने आरशात बघितलं, खांद्यावरून मागे बघितलं आणि गाडी रस्त्यावर घेतली.

"पार्क करतेय," जयंत म्हणाला.

गाडी पार्किंगच्या पुढे गेली.

"अगं! वसुधा! अगं!" जयंत कोपऱ्यापर्यंत धावला. पिस्ता रंगाचं शेपूट वळणावर दिसेनासं झालं.

"धावतोस काय?" माई म्हणाल्या. "पास झालीय ती."

आम्ही टॅक्सीने घरी आलो. दुपारी मी कामावर गेले, तर कॉरिडॉरमध्ये चार्ज नर्सच भेटली. म्हणाली, तुझी मैत्रीण जेवणाच्या आधीच येऊन गेली, सोमवारपासून जॉइन होतेय. किती आनंदात होती! मी विचारलं, आता कुठे आहे? ती म्हणाली, ती तर लगेच गेली. दुपारभर जयंतचे फार्मसीत फोन. आली का? दिसली का? तिचा मोबाइल घरीच चार्जिंगला लावलेला. शेवटी काम संपल्यावर मी सरळ त्यांच्याकडे गेले. जयंत ड्राइव्हवेत, ब्रूस कुंपणाशी, माई दारात खुर्ची टाकून.

संध्याकाळच्या चहाच्या वेळेला डेल रिओ वळून आत आली. ब्रूसने तोंडात बोटं घालून शिट्टी मारली. वसुधा उतरली. केस वाऱ्याने पार विस्कटलेले, चपला हातात, सलवार घोट्यापर्यंत ओली. जयंतने दारातून आत बघितलं. मॅटवर काळपट ओली वाळू होती. आमच्या गावापासून समुद्र चांगला अर्ध्या-पाऊण तासावर आहे.

त्याने वाळूकडे बघितलं, मग तिच्याकडे.

"कुठे होतीस?"

वसुधाने किल्ली त्याच्या हातावर ठेवली.

"ट्रॅफिक होता," ती म्हणाली, आणि चहा टाकायला आत गेली.